फळझाडांचें अवेळीं स्थानांतर

मुंबईच्या उपनगरांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांच्या स्मरणांत राहत्या घराइतकेंच घरापुढील एखादें झाड रुजलेलें असतें. अंधेरीच्या जुन्या गल्लींतील चिकू, बोरिवलीच्या वाडींतील रायवळ आंबा, मुलुंडच्या बैठ्या घरामागचा फणस, घाटकोपरच्या चाळींत नळाच्या सांडपाण्यावर आपोआप वाढलेला पेरू - हीं झाडें कोणी मोठ्या समारंभानें लावलेलीं नसतात. कोणाच्या तरी हातून कोय पडते, कोणी तरी तिच्याभोंवतीं चार विटा लावून ठेवतो आणि वीस वर्षांनीं त्या विटा मुळांच्या पोटांत नाहींशा होतात. पहिली कैरी कोणत्या फांदीला धरते हें घरांतील मुलांना ठाऊक असतें, आणि लोणच्याची कैरी केव्हां उतरावयाची हें घरांतील वडीलधाऱ्या बायकांना. मालाडजवळच्या चिंचोलीसारखीं गांवांचीं नांवें अशा झाडांची साक्ष अजूनही देतात.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हां घाटकोपर, भांडुप, मुलुंड हीं मिठागरें व भातखाचरें यांच्या शेजारीं वसलेलीं लहान गांवें होतीं. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९५० सालीं महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आली आणि १९५७ सालीं ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोंचली. वाडीची चाळ झाली, चाळीची सोसायटी झाली, आणि आतां सोसायटीचा मनोरा होत आहे. ह्या प्रत्येक पालटांत घर पाडून पुन्हां बांधतां आलें. झाडाची गोष्ट तशी नाहीं. पुनर्विकासाच्या नकाशावर जेथें मोटारी ठेवण्याचें तळघर दाखविलेलें असतें, नेमका तेथेंच चाळीस वर्षांचा आंबा उभा असतो.

अशा वेळीं एक शब्द सर्वांच्या मदतीस धांवून येतो, आणि तो म्हणजे 'पुनर्रोपण'. झाड तोडावयाचें नाहीं, तें मुळांसह काढून दुसरीकडे लावावयाचें. शब्द दिलासा देणारा आहे. रहिवाशांच्या मनाची टोचणी त्यानें कमी होते, बांधकाम करणाऱ्याची अडचण दूर होते, आणि कागदावर झाडांची संख्याही कमी होत नाहीं. परंतु झाड कागदावर जगत नाहीं. तें कोणत्या महिन्यांत काढलें, किती मुळांसह काढलें, कोठें नेलें आणि त्यानंतर दोन वर्षें त्याला पाणी कोणी घातलें, ह्या चार प्रश्नांच्या उत्तरांवर त्याचें जगणें-मरणें ठरतें. ह्यांपैकीं पहिला प्रश्न म्हणजे वेळेचा; आणि शहरांत बहुधा तोच सर्वांत शेवटीं विचारला जातो.

नागरी भागांतील झाडांच्या रक्षणासाठीं महाराष्ट्रानें १९७५ सालीं कायदा केला. त्या कायद्याप्रमाणें वृक्ष प्राधिकरण स्थापन झालें. झाड तोडण्यापूर्वीं अर्ज, पाहणी, वर्तमानपत्रांतील जाहीर सूचना आणि खुद्द त्या झाडावर चिकटविलेली नोटीस, अशी पद्धति ठरली. २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारशाचा मान मिळाला आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं रोपें लावण्याचें बंधन आलें. हें सर्व योग्यच आहे. परंतु कायद्याचें पंचांग आणि झाडाचें पंचांग हीं एक नव्हेत. अर्ज ज्येष्ठांत केला तर अनुमति भाद्रपदांत येते. हरकती निघाल्या तर कार्तिक उजाडतो. आणि ठेकेदाराचीं यंत्रें येऊन उभीं राहतात तीं नेमकीं फाल्गुन-चैत्रांत, कारण बांधकामाच्या पायाचें काम पावसापूर्वीं उरकावयाचें असतें. ज्या काळांत पाया खणणें सर्वांत सोयीचें, तोच काळ झाड हलविण्यास सर्वांत प्रतिकूल, असा हा योग आहे.

गोरेगांवच्या आरे वसाहतींत २०१९ सालीं घडलेला प्रसंग मुंबईकरांच्या स्मरणांत आहे. भुयारी मेट्रोच्या कारशेडसाठीं त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस वृक्ष प्राधिकरणानें २,१८५ झाडें तोडण्यास आणि ४६१ झाडें दुसरीकडे हलविण्यास अनुमति दिली. ४ ऑक्टोबर रोजीं उच्च न्यायालयानें तिच्याविरुद्धचे अर्ज फेटाळले. त्याच रात्रीं तोड सुरू झाली. आणि ७ ऑक्टोबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पुढील तोड थांबविली, तोंवर दोन हजारांहून अधिक झाडें पडलीं होतीं. त्या दिवसांत सर्व चर्चा तोडलेल्या झाडांची झाली, आणि ती होणें स्वाभाविकच होतें. परंतु त्या अनुमतीचीं तारखांसह पानें चाळणाऱ्यास आणखी एक गोष्ट दिसेल. ऑगस्टची अखेर म्हणजे पावसाळ्याचा उतार, आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे पावसाच्या परतीची वेळ. झाडांच्या स्थानांतराचा जो खरा हंगाम, तो वाद-प्रतिवादांतच सरून गेला होता.

हंगामाचें हें शास्त्र नवें नाहीं. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें 'बृहत्संहिता' रचिली. तींत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. ज्यांना अद्याप फांद्या फुटल्या नाहींत अशीं रोपें शिशिरांत, फांद्या फुटलेलीं हेमंतांत, आणि ज्यांचें खोड चांगलें भरलें आहे अशीं झाडें पावसाळ्याच्या आरंभीं हलवावीं, आणि तीं दिशेचें भान ठेवून लावावीं, असें तेथें सांगितलें आहे. हलविण्यापूर्वीं मुळांपासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा. लावल्यानंतर उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिंवाळ्यांत एक दिवसाआड आणि पावसाळ्यांत माती सुकेल तेव्हां पाणी द्यावें, असाही नियम त्यांत आहे. लेपाचा भाग सोडून दिला तरी उरलेला उपदेश आजच्या उद्यानशास्त्रज्ञानें मान डोलवावी असाच आहे. मोठ्या खोडाच्या झाडाला पावसाचीच वेळ सांगितली आहे, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मोठें झाड हलविण्याची हौसही जुनीच आहे. ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकांत ईजिप्तच्या हत्शेप्सुत राणीनें पुंट देशाहून सुगंधी झाडें मुळांसह टोपल्यांत घालून जहाजांतून आणविलीं. तीं वाहून नेणारीं माणसें तिच्या मंदिराच्या भिंतींवर आजही कोरलेलीं दिसतात. इंग्लंडमध्यें डोव्हरजवळच्या बकलंड येथील चर्चच्या आवारांतील शेंकडों वर्षांचें यू झाड १८८० सालीं विल्यम बॅरन ह्या कुशल माळ्यानें हलविलें आणि तें जगलें. तेव्हां मोठें झाड हलत नाहीं असें म्हणतां येत नाहीं. परंतु अशा यशस्वी प्रसंगांच्या मागें हंगाम, तयारी आणि सबूर ह्या तिन्ही गोष्टी असतात. आणि घाईच्या कामांत प्रथम ह्याच तिन्ही सुटतात.

अवेळीं हलविलेलें झाड कां मरतें, हें समजण्यास झाडाच्या मुळांकडे पाहिलें पाहिजे. झाडाला उभें धरणारीं जाड मुळें वेगळीं आणि पाणी शोषणारीं केसासारखीं बारीक मुळें वेगळीं. हीं बारीक मुळें खोडाजवळ थोडीं आणि फांद्यांच्या घेराखालीं, किंबहुना त्याच्याही बाहेर, पुष्कळ असतात. आणि त्यांतील बहुसंख्य जमिनीच्या वरच्या दोन-अडीच फुटांतच पसरलेलीं असतात. झाड खणून काढतांना खोडाजवळची माती बरोबर येते, पण पाणी पिणारें हें जाळें बहुतेक सर्व मागेंच राहतें. इकडे पानें मात्र पूर्वींइतकींच असतात, आणि तीं क्षणोक्षणीं हवेंत पाणी सोडीत असतात. मिळकत दहाव्या हिश्शावर यावी आणि खर्च मात्र पूर्ववत् चालावा, अशी त्या संसाराची स्थिति होते. पावसाळ्यांत हवा ओली, आभाळ झांकलेलें आणि जमीन भिजलेली असते. म्हणून खर्च आपोआप उतरतो आणि नवीं मुळें फुटेपर्यंत झाड तग धरतें. उन्हाळ्यांत ही सवलत नसते.

उपनगरांच्या हवेचा येथें थोडा बारकाईनें विचार केला पाहिजे. सांताक्रूझच्या वेधशाळेच्या नोंदींप्रमाणें येथें जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. मे महिना लोकांना असह्य वाटतो. परंतु त्या महिन्यांत समुद्राकडील वारा असतो आणि हवेंत ओलावा असतो. झाडाच्या दृष्टीनें मार्च व एप्रिल अधिक घातक, कारण त्या दिवसांत जमिनीवरून येणारा कोरडा, तापलेला वारा पानें करपवितो. ऑक्टोबरची उष्णताही फसवी असते; जमीन वरून ओली दिसते, पण ऊन कडक असतें आणि पुढें आठ महिने पावसाची आशा नसते.

हवेखेरीज जमीनही आहे. साष्टीच्या बेटाखालीं काळा पाषाण पसरलेला आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे त्याच पाषाणाचे उघडे पडलेले उभे स्तंभ होत. बोरिवली व मुलुंडच्या डोंगरपायथ्याशीं त्या पाषाणाचा मुरूम झालेला आहे. माती थोडी आणि खालीं कातळ. अशा जमिनींत आंब्याचें सोटमूळ कातळाच्या भेगेंत शिरून बसतें आणि तें अखंड काढणें अशक्य होतें. उलट खाडीकडच्या, भरावाच्या जमिनींत मातीचा थर जाड असला तरी ती खारवट व पाणी धरून ठेवणारी असते. मुरमांत वाढलेलें झाड अशा भरावांत नेऊन लावणें म्हणजे उपास घडलेल्या माणसास परक्या अन्नावर बसविण्यासारखें आहे. नवी जागा ठरवितांना ती किती मोकळी आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. तेथें खड्डा खणून त्यांत पाणी ओतावें आणि तें किती वेळांत मुरतें हें पाहावें. दुसऱ्या दिवशींही पाणी उभेंच असेल, तर ती जागा फळझाडाची नव्हे.

सर्व झाडांचा स्वभाव सारखा नसतो, आणि अवेळ हीही प्रत्येकाची वेगळी असते. माडाला सोटमूळ नाहीं. त्याच्या बुंध्यापासून दोरीसारखीं नवीं मुळें सदैव फुटत असतात. म्हणून पाण्याची सोय असल्यास माड उन्हाळ्यांतही हलवितां येतो. मात्र शेंड्याचा कोंब दुखावतां कामा नये, कारण माडाला दुसरा शेंडा फुटत नाहीं. पेरू व लिंबू हे सोशीक आहेत. छाटले तरी पुन्हां फुटतात. सीताफळ हिंवाळ्याच्या अखेरीस पानें गाळून निजतें आणि उन्हाळा सरत आला कीं पुन्हां पालवतें. त्याला ह्या पानगळीच्या झोंपेंत हलविलें तर खर्च करणारीं पानेंच नसल्यामुळें तें पुष्कळदां सुखरूप पार पडतें. म्हणजे जी आंब्याची अवेळ, तीच सीताफळाची वेळ. चिकू मंदगतीनें वाढतो, पण त्याचीं पुष्कळशीं मुळें वरच्या अडीच फुटांत असतात. म्हणून घेर मोठा ठेवल्यास त्याची आशा धरावी. आंबा कठीण, आणि मोहोर वा फळ अंगावर असतांना तर अधिकच कठीण. फणस सर्वांत हळवा. त्याचें सोटमूळ तुटलें कीं तो सहसा सांवरत नाहीं. पपई व केळ यांच्यासाठीं खटपट करणें व्यर्थ होय. पपईचें बीं आणि केळीचा मुनवा नेला म्हणजे काम झालें.

झाडाबरोबर येणाऱ्या मुळांसहित मातीच्या गोळ्यास कोकणांतील रोपवाटिकेंत हुंडी म्हणतात. ही हुंडी खोडाच्या जाडीच्या निदान आठ ते दहा पट रुंद असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. हा नियम एकदां हिशेबांत घातला म्हणजे पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. समजा, घाटकोपरच्या एखाद्या जुन्या आवारांत वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर, जाडीचा चिकू आहे. त्याची हुंडी २ मीटर रुंद आणि सुमारें १ मीटर खोल लागेल. तींत तीन घनमीटरांहून अधिक माती येईल आणि तिचें वजन पांच टनांच्या आसपास भरेल. हें काम क्रेननें होण्यासारखें आहे. आतां त्याच आवारांतील ६० सेंटिमीटर जाडीचा आंबा घ्या. त्याला ५ ते ६ मीटर रुंदीची हुंडी हवी. एवढा गोळा आवाराच्या फाटकांतून निघत नाहीं, गल्लींतून वळत नाहीं आणि कोणत्याही साध्या वाहनावर मावत नाहीं. मग प्रत्यक्षांत काय होतें? दीड मीटरची हुंडी काढली जाते. ६ मीटरांच्या ठिकाणीं दीड मीटर म्हणजे रुंदीनें चौथाई. पण क्षेत्रफळानें अवघा सोळावा हिस्सा. अशा आंब्याचें झाड नेलें, असें म्हणतात; खरें पाहतां त्याचा ओंडका नेलेला असतो.

तरीही अवेळीं झाड हलविणें अटळच झालें, तर कोणती रीति धरावी? पहिली गोष्ट म्हणजे पूर्वसूचना. सहा-आठ आठवडे जरी हातांत असले तरी त्यांचा उपयोग होतो. नियोजित हुंडीच्या कडेनें चर खणावा; मात्र सबंध वर्तुळ एकदम न खणतां आधीं निम्मे तुकडे एक सोडून एक असे खणावे. तुटलेलीं मुळें धारदार हत्यारानें स्वच्छ कापावीं. यंत्राच्या दांत्यांनीं चिंध्या झालेलें मूळ कुजतें, स्वच्छ कापलेलें मूळ नवे धागे सोडतें. चरांत भुसभुशीत माती व कुजलेलें खत भरून तो ओला ठेवावा. कांहीं आठवड्यांनीं उरलेले तुकडे खणावे. एवढ्या अवधींत पहिल्या तुकड्यांत नवीं मुळें दिसूं लागलीं, तर झाड प्रवासास तयार होत आहे असें समजावें. वर्षभर आधीं कळलें असेल, तर हेंच काम दोन हप्त्यांत पावसाळ्यांत उरकावें आणि पुढल्या पावसाळ्यांत झाड हलवावें. पण तेव्हां तें अवेळीं राहतच नाहीं.

दुसरी गोष्ट म्हणजे झाडाचा भार हलका करणें. अंगावरील सर्व मोहोर व सर्व फळें, कितीही जीवावर आलें तरी, काढून टाकावीं. दाट, आंतल्या व वाळक्या फांद्या विरळ कराव्या. परंतु सगळा माथा छाटून नुसता खुंट उभा करूं नये, कारण नवीं मुळें फुटण्यास लागणारें अन्न पानेंच तयार करतात. खोड उघडें पडलें तर उन्हानें त्याची साल भाजते. तिला चुन्याची निवळी लावावी किंवा ओलें गोणपाट गुंडाळावें. हलविण्याच्या आदल्या दिवशीं माती चांगली भिजवावी, म्हणजे हुंडी फुटत नाहीं. हुंडीला गोणपाट व दोरखंड घट्ट बांधावे आणि झाड उचलतांना भार हुंडीखालून घ्यावा. खोडाला साखळी बांधून झाड लोंबकळत उचललें तर साल सोलवटून निघते. आणि ज्या झाडाची साल सभोंवार गेली, त्याचें मरण केवळ कांहीं महिने लांबतें.

तिसरी गोष्ट म्हणजे नवा खड्डा. तो झाड निघण्यापूर्वींच खणून तयार असावा. झाड उघड्या वाहनांत भर दुपारीं नेऊं नये. संध्याकाळीं काढावें आणि रात्रींतच लावावें. खोडाची जी रेघ पूर्वीं मातीला लागून होती, तीच नव्या जागीं मातीला लागून असावी; वाऱ्यानें हलूं नये म्हणून झाड खोल पुरण्याचा मोह पुष्कळांस होतो, पण त्यामुळें बुंधा कुजतो. आधारासाठीं तीन बाजूंनीं टेकू द्यावे. जुन्या जागीं खोडाच्या उत्तरेकडील बाजूस चुन्याची खूण करून तीच बाजू नव्या जागीं उत्तरेस ठेवावी, म्हणजे सांवलींत वाढलेली साल एकाएकीं उन्हांत येत नाहीं. वराहमिहिरानें सांगितलेल्या दिशेच्या भानाचा हाच व्यावहारिक अर्थ होय. भोंवतीं रुंद आळें करावें, त्यावर वाळल्या पाल्याचें आच्छादन घालावें आणि पहिले कांहीं आठवडे वरून हिरव्या जाळीची सांवली द्यावी. रासायनिक खत मुळींच घालूं नये; ज्याला पाणी पचत नाहीं त्याला पक्वान्न कसें पचावें?

चौथी गोष्ट सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी, ती म्हणजे पाणी. वरची माती ओली दिसली म्हणजे पाणी पोंचलें असें नव्हे. हुंडीच्या कडेला पहारेनें भोंक पाडून हातभर खालची माती पाहावी. ती मूठींत धरल्यावर गोळा व्हावी, पण तिच्यांतून पाणी गळूं नये. उलट जुलैच्या मुसळधारेंत खड्ड्याचा हौद होऊं नये म्हणून पाण्याला वाट काढून द्यावी. आणि ही देखरेख महिन्या-दोन महिन्यांची नसून निदान दोन उन्हाळे पार होईपर्यंतची आहे.

येथें एका फसव्या खुणेपासून सावध राहावें लागतें. हलविलेल्या झाडाला पंधरा-वीस दिवसांत कोंवळी, तांबूस पालवी फुटते. पाहणाऱ्यास आनंद होतो, छायाचित्रें निघतात, झाड जगलें असा अहवाल लिहिला जातो. वस्तुतः ही पालवी पुष्कळदां खोडांत सांठविलेल्या अन्नावर फुटलेली असते. मुळांनीं अजून एक थेंबही दिलेला नसतो. सांठा संपला कीं पालवी झडते आणि झाड मुकाट्यानें वाळतें. कांहीं झाडें पहिला पावसाळा हिरवींगार काढतात आणि पुढल्या चैत्रांत जातात. म्हणून झाड जगलें कीं नाहीं हें दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच सांगावें. पुनर्रोपणाचा हिशेब जेथें लावल्याच्या दिवशींच बंद होतो, तेथें त्या हिशेबाला अर्थ उरत नाहीं.

तेव्हां प्रामाणिकपणें विचार करणाऱ्या रहिवाशांपुढें तीन वाटा राहतात. पहिली वाट म्हणजे झाड आहे तेथेंच ठेवून नकाशा बदलणें. ही वाट पुष्कळांस भाबडी वाटते. पण झाडें बहुधा आवाराच्या कडेला असतात, आणि नकाशा प्रथम काढतांनाच त्यांची जागा दाखविली तर तळघराची एक भिंत दोन मीटर आंत घेण्यास फारसें पडत नाहीं. नकाशा मंजूर झाल्यावर तीच भिंत डोंगराएवढी होते. दुसरी वाट म्हणजे लहान व मध्यम झाडें, हंगाम साधून किंवा वर सांगितलेल्या रीतीनें, हलविणें. आणि जें झाड ह्या दोन्हींत बसत नाहीं, त्याच्यासाठीं तिसरी वाट आहे. ती म्हणजे झाड नव्हे तर झाडाचें कूळ नेणें.

रायवळ आंब्याची कोय लावली तर आईसारखें फळ मिळेलच अशी हमी नसते. परंतु त्याच आंब्याच्या काडीचें कलम केलें, तर त्याची गोडी, त्याचा वास, त्याचा रेषा, सर्व जसेंच्या तसें नव्या झाडांत उतरतें. पावसाळ्याच्या आरंभीं रुजलेल्या कोवळ्या रोपावर जुन्या झाडाची काडी बांधून कोय कलम करण्याची रीति कोकणांत सर्वत्र रूढ आहे, आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या प्रदेशांतील कोणताही कसबी माळी तें करूं शकतो. झाड पडण्यापूर्वींच्या पावसाळ्यांत अशीं दहा कलमें बांधून घेतलीं, तर मनोरा उभा राहीपर्यंत तीं लावण्याजोगीं होतात आणि लावल्यावर चार-पांच वर्षांत फळ देऊं लागतात. पांच टनांची क्रेन जें करूं शकत नाहीं, तें बोटाएवढी काडी करते. फणसाचेंही कलम होतें, चिकूचें तर होतेंच. मात्र त्यासाठीं झाडावर नोटीस लागण्याची वाट पाहून चालत नाहीं. पुनर्विकासाची पहिली सभा ज्या दिवशीं भरते, त्याच दिवशीं आवारांतील झाडांची यादी, त्यांच्या खोडांची जाडी आणि कोणाचें काय करावयाचें ह्याचा निर्णय टिपणांत लिहिला गेला पाहिजे.

अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या 'आज्ञापत्रां'त आरमाराच्या लांकडासंबंधीं एक प्रकरण आहे. गलबतांना लांकूड तर हवेंच होतें. तरीही आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावूं देऊं नये, असा त्याचा आशय आहे. कारण असें दिलें आहे, कीं हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेकरांप्रमाणें दीर्घकाळ जतन करून वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार राहणार नाहीं. झाड अगदीं जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तरच तें धन्याच्या संमतीनें आणि मोल देऊन घ्यावें. राज्याच्या निकडीच्या गरजेपुढेंही ज्या विचारी पुरुषानें झाडाचा काळ मोजला, त्याला अवेळ म्हणजे काय हें नेमकें कळलें होतें.

मनोऱ्याच्या बाराव्या मजल्यावर राहावयास गेलेल्या आजीला खालच्या आवारांत आपल्याच जुन्या आंब्याच्या कलमाला धरलेली पहिली कैरी नातवानें आणून दाखवावी, ही गोष्ट अवघड नाहीं. त्यासाठीं एक पावसाळा आधीं जागें व्हावें लागतें, इतकेंच.